नवी बॅटरी हा गळतीवरचा इलाज नव्हे

उभ्या ट्रकची बॅटरी रात्रीतून उतरली की दोष बॅटरीचाच, असे मत ट्रक टर्मिनलवर ठामपणे ऐकवले जाते. जुनी काढा, नवी टाका. तेही जमत नसेल तर कट-ऑफ स्विच बंद करून झोपा. वायरी तपासत बसायला वेळ कुणाला आहे? हा या मताचा सगळा ऐवज. त्यात मालकाचा पैसा जातो आणि बिघाड जागेवरच राहतो.

बॅटरी खरोखर संपलेली असू शकते, पण ते ठरवायला नवी विकत घ्यावी लागत नाही. 24 व्होल्टच्या ट्रकमधल्या दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काही तासांनी व्होल्टेज मोजावे, प्रत्येकी 12.6 च्या आसपास हवे. मग टर्मिनल सोडून त्या रात्रभर ठेवाव्यात. सकाळी आकडा टिकला आणि लोड टेस्टमध्येही बॅटरी उतरली नाही, तर करंट खाणारा गाडीत आहे. चावी काढल्यावर एक अँपिअर जात असेल तर 24 तासांत 24 अँपिअर-तास जातात. 120 अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते आणि सेल्फ त्याआधीच मारेनासा होतो. नव्या बॅटरीलाही हाच हिशेब लागू. शिवाय वारंवार खोलवर उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते, म्हणजे नवी बॅटरीही अकाली मरते. मग वॉरंटीसाठी दुकानदाराशी भांडण. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

दोनपैकी एकच बॅटरी दर वेळी मरते, तेव्हा तर ‘माल खराब निघाला’ हा निकाल हमखास ऐकू येतो. 24 व्होल्टच्या गाडीत टेप किंवा मोबाइल चार्जर चालवायला एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट ओढलेले असतात. ती बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी आटवते. कितीही बॅटऱ्या बदलल्या तरी हे चालूच राहणार. इलाज 24 वरून 12 चा कन्व्हर्टर.

कट-ऑफ स्विच बिघाड फक्त झाकतो. त्याच्या आधीच जोडलेला जीपीएस चालूच राहतो. 2020 पासूनच्या बीएस-6 ट्रकमध्ये तर इंजिन बंद होताच स्विच ओढला, तर युरियाच्या नळ्या रिकाम्या व्हायला वेळच मिळत नाही.

बॅटरीची वायर जोडताना पडणारी ठिणगी पाहून गळतीचे निदान करणाऱ्यांचा जुना वादही इथेच मिटवावा. ईसीयूमधले कपॅसिटर भरताना धडधाकट गाडीतही ठिणगी पडते.

खरी रीत साधी आहे. दारे बंद करून, चावी काढून, चॅसीला जाणाऱ्या निगेटिव्ह केबलमध्ये मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर सीरिजमध्ये लावावा. मीटर असताना सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज उडतो. ईसीयू झोपेपर्यंत निदान अर्धा तास थांबावे. पहिल्याच मिनिटाचा आकडा फसवा असतो. त्यानंतरही करंट जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढावा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या सर्किटमध्ये चोर: अडकलेला रिले, पेटता राहिलेला केबिनचा दिवा, बाहेरून जोडलेली वायर.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरकडे वळावे. त्याची जाड वायर बहुधा फ्यूजबॉक्समधून जातच नाही. आधी निगेटिव्ह सोडून ती वायर काढावी, टोक टेपने गुंडाळावे आणि पुन्हा मोजावे. आकडा खाली आला, तर अल्टरनेटरचा डायोड गळका आहे.