बदलीच्या गावाचे वर्णन

कचेरीच्या टिपणात 'सुमारे' आणि 'बहुधा' हे शब्द खपवून न घेणारे आमचे बांधव प्रवासवर्णन लिहावयास बसले, की एकाएकी इतके सैल का होतात? टिपणास तारीख हवी, स्थळ हवे, मोजमाप हवे. वर्णनात मात्र 'निसर्गाने मुक्तहस्ताने केलेली उधळण' एवढे म्हटले की काम भागते! उधळण कोणत्या झाडाची, कोणत्या महिन्यातली, हे वाचकाने विचारावयाचे नाही.

यावर उपाय म्हणून हल्ली निसर्गलेखनाची शिबिरे भरतात. आरंभ कसा करावा, उपमा कोठे घालावी, हे तेथे दोन दिवसांत शिकवतात. शिकवोत बापडे. परंतु ही विद्या मुळात एका जागी टिकून पाहण्याची आहे, आणि ती दोन दिवसांत येत नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनखात्यातले नोकरदार; बदलीचा हुकूम त्यांनाही येत असे. नवेगावबांधास असताना माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाकडून आणि रानातल्या आदिवासींकडून त्यांनी पाखरांची नावे व सवयी शिकून घेतल्या. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीस 'सारंगागार' हा शब्द मराठीला मिळाला, तो अशा शिकण्यातून. त्याही आधीचे गोडसे भटजी पाहा. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळावी म्हणून हा वरसईचा भिक्षुक १८५७ साली उत्तरेस निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. 'माझा प्रवास' छापून निघाला १९०७ साली. त्यांना कोणी शैली शिकवली होती?

आम्ही बंगळुरात बनशंकरीत राहतो. येथले देऊळ १९१५ सालचे. राहुकाळी बायका लिंबाच्या उलट्या केलेल्या सालीत दिवे लावतात. मूळ देवी बदामीजवळची, आपल्यातल्या कित्येक घरांची कुलस्वामिनी. तिच्या पौषातल्या यात्रेची वर्णने आम्ही पुष्कळ वाचली. गाडी किती उशिरा आली आणि धर्मशाळेत पाणी कसे नव्हते, हे त्यांत हटकून असते. देवीस १०८ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात, हेही सर्वजण लिहितात. त्यांतल्या दहा भाज्यांची नावे देणारा लेखक मात्र आमच्या वाचनात नाही. शाकंभरीच्या भक्तांना भाजीचे नाव विचारण्याची लाज का वाटावी?

'कन्नड येत नाही' ही सबब तर ऐकवत नाही. करंजास होंगे, चिंचेस हुणसे, उंबरास अत्ती म्हणतात, हे शिकावयास व्याकरण लागत नाही. मंडईतली बाई किंवा बागेचा माळी पुरे. (भ्रमणध्वनीवर छायाचित्र दाखवले की हल्ली नाव तयार मिळते, पण बहुधा इंग्रजी.) ज्या गुलाबी टॅबेबुयावर आमची मंडळी पुराणकाळातल्या उपमा उधळतात, तो दक्षिण अमेरिकेकडचा पाहुणा आहे. या शहरात पाळीपाळीने फुलणारी झाडे लावण्याची योजना १९०८ साली येथे आलेल्या क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाची.

प्रश्न केवळ वाङ्मयाचा असता, तर आम्ही इतके कठोर झालो नसतो. बनशंकरीच्या दक्षिणेस तुरहळ्ळीचे खडकाळ, खुरट्या झुडपांचे रान आहे. तेथे वृक्षोद्यान करण्याची सरकारी योजना निघाली, तेव्हा २०२१ साली नागरिकांनी तिला विरोध केला. त्या झुडपांत काय राहते, हे ज्यांना ठाऊक होते तेच विरोध करू शकले. आमचा प्रवासवर्णनकार तेथून गेला असता तर त्याने 'ओसाड माळ' असे लिहून पान उलटले असते; आणि ओसाड जमिनीचे पुढे काय होते, हे सरकारी नोकरांना आम्ही सांगावयास नको. लेखातले 'ओसाड' आणि फायलीतले 'पडीक' ही सख्खी भावंडे आहेत.

बदली तीन वर्षांची धरली, तरी तेवढ्यात तीन चैत्र मिळतात. कचेरीच्या वाटेवरचा एकच होंगे घ्यावा. पाने केव्हा गळली, पालवी केव्हा आली, फुलांचा सडा कोणत्या तारखेस पडला, ते तारीखवार लिहावे. 'सवड नाही' म्हणणाऱ्यांना बस थांब्यावर उभे राहावयास सवड असतेच.

संपादकांस आमची एक विनंती आहे. 'उधळण' हा शब्द असलेला प्रत्येक लेख त्यांनी परत पाठवावा, आणि सोबत एका ओळीत विचारावे : झाड कोणते? टपालखर्च लेखकाचा.