हिरवळीला गुण देताना

माझे बालपण नाशिकला गेले आणि त्यातल्या बहुतेक संध्याकाळी गोल्फ क्लबवर गेल्या. या वाक्याने गैरसमज करून घेऊ नका. नाशिककरांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब’ म्हणजे भर शहरातले एक मोठे मैदान. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण रिक्षावाल्याला अजूनही ‘गोल्फ क्लब’ एवढे सांगितले की पुरते. तिथे आम्ही सायकल शिकलो, क्रिकेट खेळलो, पुढाऱ्यांची भाषणे ऐकली. गोल्फ खेळताना मात्र मी कुणालाही पाहिले नाही. साहेब गेला, खेळ गेला, मैदान तेवढे गावाला मिळाले.

हे आठवायचे कारण माझा भाचा. तो एडिंबरोला असतो आणि बाटग्याची बांग मोठी या न्यायाने हल्ली गोल्फशिवाय दुसरे बोलत नाही. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने जगातल्या सर्वोत्तम १०० गोल्फ मैदानांची यादी माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, ‘‘मामा, तू जन्मभर बँकेच्या शाखांना गुण दिलेस. आता यातली कुठली बघायची ते तूच ठरव.’’

त्याने थट्टा केली, पण माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. मी बँकेत काही वर्षे तपासणी विभागात होतो. हातात छापील तक्ता असे. खतावण्या जुळतात का, तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे आहेत का, थकबाकी किती, काउंटर स्वच्छ आहे का, प्रत्येकाला गुण. एका तालुक्याच्या गावी असाच एका शाखेला अव्वल दर्जा देऊन मी एस.टी. स्टँडवर आलो. शेजारी एक म्हातारी बसली होती. तीन दिवस ती निराधार पेन्शनसाठी त्याच शाखेत खेटे घालत होती. पाय चिखलाचे म्हणून शिपाई तिला बाहेरच बसवी. आणि ‘साहेब तपासणीला आलेत’ म्हणून त्या दिवशी तर फरशी खास पुसलेली. माझ्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकानाच नव्हता. एस.टी. आली, मी चढलो. दिलेले गुण मी बदलले नाहीत, हे आज कबूल करतो.

म्हणून भाच्याची यादी हाती आल्यावर मी आधी रकाने पाहिले. ‘गोल्फ डायजेस्ट’ या अमेरिकी मासिकाने १९६६ साली पहिली यादी काढली ती सर्वोत्तम नव्हे, तर सर्वांत कठीण २०० मैदानांची. पुढे शहाणपण आले आणि निकष वाढले. फटक्यांना वाव किती, आव्हान किती, आखणीत वैविध्य आहे का, मैदान लक्षात राहते का, देखणे आहे का, निगा कशी आहे. कठीणपणा मोजायला ‘स्लोप’ नावाचा वेगळा आकडाही आहे. सामान्य खेळाडूला मैदान किती जड जाते ते तो सांगतो. ५५ ते १५५, आणि ११३ म्हणजे मध्यम. बँकवाल्याला आवडावे असे हे सारे हिशेब. पण ‘आत कोणाला येऊ देतात?’ हा रकाना मला सापडला नाही.

न्यू जर्सीतले पाइन व्हॅली अशा याद्यांत वर्षानुवर्षे पहिले येत होते. तिथे स्त्रियांना सदस्यत्वाचे दार उघडले ते २०२१ साली. ऑगस्टा नॅशनलने पहिल्या दोन स्त्रियांना सदस्य केले २०१२ साली. स्कॉटलंडमधल्या मुइरफिल्डच्या सभासदांनी २०१६ च्या मतदानात स्त्रियांना नकार दिला. मग ओपन स्पर्धाच तिथे होणार नाही असे जाहीर झाले, आणि २०१७ मध्ये त्यांचे मत बदलले. गवत तेच, खड्डे तेच, क्रमांकही वरचाच. फरशी पुसलेली होती, एवढेच.

यावर भाच्याचे म्हणणे असे, की मामा, तू खेळत नाहीस, तुला काय कळणार? मुद्दा रास्त आहे. म्हणून मी एका जाणत्याचा आधार घेतो. ॲलिस्टर मॅकेन्झी हे मूळचे डॉक्टर. बॉबी जोन्सच्या जोडीने ऑगस्टाचे मैदान त्यांनीच आखले. १९२० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी चांगल्या मैदानाची १३ तत्त्वे सांगितली. त्यांतले मला पटलेले असे, की नवशिक्यालाही, फटक्यांची संख्या वाढत असूनही, खेळताना आनंद वाटला पाहिजे. आणि दुबळ्या खेळाडूला वळसा घालून जायची वाट हवी, मग एखादा फटका जास्त पडला तरी चालेल. चांगल्या शाळेचीही याहून वेगळी व्याख्या मला करता येणार नाही.

शेवटी आम्ही पाहिले ते एकच, सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स. आणि गेलो रविवारी. भाचा वैतागला, कारण एरवी काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी तिथे खेळ बंद असतो. मी मुद्दाम तोच वार धरला होता. त्या दिवशी गावातला कोणीही त्या हिरवळीवर फिरू शकतो. लोक कुत्री घेऊन आले होते, मुले उतारावरून गडगडत होती, स्विल्कन ओढ्यावरच्या त्या जगप्रसिद्ध दगडी पुलावर एक आजोबा नातवाच्या बुटाची नाडी बांधत होते. कुणी विचारले नाही, ‘‘आपण सदस्य का?’’

ही उदारता आयती आलेली नाही. तिथल्या गावकऱ्यांचा त्या जमिनीवर खेळायचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदलेला आहे. १७६४ साली याच मैदानाने २२ ऐवजी १८ खळग्यांचा डाव ठरवला आणि पुढे जगाने तो उचलला. पण १७९७ च्या सुमारास नगरपरिषद कर्जात बुडाली, जमीन हातची गेली आणि तिच्यावर व्यापाऱ्यांनी ससे पाळले. गोल्फवाले आणि सशांवाले यांचे खटले आणि हाणामाऱ्या वीसेक वर्षे चालल्या. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने जमीन घेऊन खेळ वाचवला. १८९४ मध्ये कायदा करून नगराने ती परत मिळवली. आणि १९७४ पासून एक विश्वस्त संस्था ती सांभाळते. कर्जापायी गमावलेले गावरान असे परत आलेले मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिले नाही.

जमीनही पाहण्यासारखी आहे. समुद्राने टाकलेली वाळू, नांगराला निरुपयोगी. पाणी पटकन मुरते, गवत आपसूक आखूड राहते. खेळ त्या भूमीतून उगवला आहे. उलट, २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाला आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात हिरवळ किती देखणी आहे, यापेक्षा ती कुणाच्या पाण्यावर हिरवी आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आणि घाईने गुण देऊ नयेत. बॉबी जोन्स १९२१ साली ओपनसाठी प्रथम इथे आला, अकराव्या खळग्याजवळच्या वाळूत अडकला आणि चिडून स्पर्धा सोडून गेला. त्या दिवशी त्याला गुण विचारले असते तर शून्य मिळाला असता. १९२७ मध्ये तो इथेच ओपन जिंकला, १९३० मध्ये हौशी खेळाडूंची स्पर्धाही. आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचे नागरिकत्व दिले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चेंबूरचे गोल्फ मैदान क्लबच्या कुंपणात नसते, तर मुंबईत तेवढी मोकळी जमीन आज उरली असती का? बहुधा तिथे मनोरे असते. कुंपणाने झाडे राखली, हे कबूल. पण राखणे ही निम्मी कामगिरी झाली. ओल्ड कोर्सने राखलेही आणि आठवड्यातला एक दिवस उघडलेही. आणि त्यामुळे त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी झालेली नाही.

तेव्हा, वाचकहो, कोणती मैदाने पाहावीत? कोलकात्याचे रॉयल कलकत्ता पाहा, १८२९ चे, ब्रिटिश बेटांबाहेरचे सर्वांत जुने म्हणून. शिमल्याजवळचे देवदारांतले नालदेहरा पाहा. लॉर्ड कर्झनला ती जागा इतकी भावली की मुलीच्या नावात त्याने ती गुंफली. गुलमर्गचे पाहा, उन्हाळ्यात जिथे चेंडू घरंगळतो तिथे हिवाळ्यात बर्फावरून माणसे घसरतात. पण जाताना क्रमांकाची यादी घरी ठेवा. तिथे हातात काठी नसलेल्या माणसाशी कसे वागतात, ते पाहा.

परतल्यावर नाशिकला गेलो तेव्हा पहाटे गोल्फ क्लबवर चक्कर मारली. म्हातारे चालत होते, पोरे धावत होती. गवत यथातथाच. माझ्या जुन्या तक्त्याने या मैदानाला नापास केले असते. पण एका बाईने चिखलाच्या चपला हातात घेऊन मैदान मधोमध ओलांडले, आणि तिला कुणीही अडवले नाही.