दगडावरील आकृती आणि निष्कर्षाची घाई

नांगरणीत वर आलेल्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, की दोन तर्क ठरलेले असतात : जीवाश्म किंवा दैवी संकेत. दख्खनच्या पठारावर हे दोन्ही तर्क बहुधा चुकीचे ठरतात. येथील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून घडला. त्याच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यातील मँगनीज फांद्याफांद्यांच्या आकारात साचते आणि पानाचा भास होतो. खऱ्या पानाच्या ठशात बहुधा मध्यशीर आणि तिच्यापासून नियमाने फुटणाऱ्या उपशिरा दिसतात. येथे त्या नसतात. कांद्याप्रमाणे पापुद्रे सुटणारा गोल धोंडाही अंडे नव्हे, तर खडकाच्या झिजेचा परिणाम असतो.

शेतकऱ्याच्या भाबडेपणाला हसण्याचे मात्र कारण नाही. भीमबेटका हे या संदर्भातील बोलके उदाहरण आहे. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या आणि २००३ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या शैलाश्रयात २०२० साली भूवैज्ञानिकांना छताजवळ पानासारखी आकृती दिसली. ग्रेगरी रिटॅलॅक व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ती ‘डिकिन्सोनिया’ या आद्य प्राण्याचा ठसा असल्याचे जाहीर केले. त्यावरून तेथील विंध्य खडकांचे वय सुमारे ५५ कोटी वर्षे मानावे लागणार होते. अन्य पुरावे मात्र ते १०० कोटींच्या आसपास असल्याचे सुचवीत होते.

पुढे जोसेफ मीर्ट व सहकारी त्या जागी पोहोचले, तेव्हा हा ‘जीवाश्म’ खडकावरून सोलून निघत होता. जवळच मधमाश्यांची पोळी होती. ती आकृती म्हणजे जुन्या पोळ्याचा अवशेष होता! हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर रिटॅलॅक यांनीही तो मान्य केला. विज्ञानाची ही पडती बाजू नव्हे. पुन्हा जागेवर जाऊन पाहण्याची त्याची शिस्तच येथे उपयोगी पडली.

याचा अर्थ प्रत्येक खूण फसवी असते असा नव्हे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात डायनासोरची ९२ घरटी व २५६ अंडी आढळल्याचे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे निर्णायक ठरला तो केवळ गोल आकार नव्हे, तर कवचाची रचना, अंड्यांची मांडणी आणि ती ज्या थरात होती तो गाळाचा खडक.

म्हणूनच खूण ओळखण्याची किल्ली दगडाइतकीच त्याच्या जागेत असते. दगड उचलून घरी आणला, धुतला वा शेंदूर लावला, की निम्मा पुरावा नष्ट होतो. जागा, थर आणि मोजमाप टिपून छायाचित्र काढावे आणि नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय किंवा जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग गाठावा. यंत्राने जमिनी सपाट करण्याच्या या काळात गेलेला थर परत मिळत नाही. प्रश्न चमत्काराचा नाही, पुरावा टिकविण्याचा आहे.