सुरी दातेरीच का?

गोव्यात राहून ब्रेड कापायची वेगळी सुरी कशाला, असं आमच्या घरातली तरुण मंडळी मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो, गरम पाव घरात येतो आणि हातानंच मोडला जातो. पोईच्या पोकळ पोटात भाजी भरायलाही बोटं पुरतात. पाकिटातला ब्रेड तर आयता कापलेलाच मिळतो. (१९२८ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात यंत्रानं कापलेला ब्रेड विकायला आला, तेव्हाच या सुरीचं निम्मं काम गेलं!)

पण हीच मंडळी हल्ली घरी ओव्हनमध्ये अख्खा ब्रेड भाजतात. बाहेरून कडक, आतून लुसलुशीत. त्यावर साधी सुरी दाबली की कवच फुटायच्या आत आतला भाग चेपून गोळा होतो. दातेरी पात्याचा जोर मोजक्या टोकांवर एकवटतो. टोकं कवचात रुततात आणि सुरी पुढे-मागे ओढली की करवतीसारखी कापत जाते. भात कापायचा दातेरी विळा पाहिला असेल, तोही ओढूनच चालवतात. म्हणून दाबायचं नाही, हात सैल ठेवायचा. पातं ब्रेडच्या रुंदीपेक्षा लांब हवं, २० ते २५ सेंटिमीटरचं पुरतं. आणि ब्रेड पूर्ण निवू द्या. गरम असताना आतला भाग ओलसर असतो, पात्याला चिकटतो.

एका गोष्टीवर मात्र मी घरात आवाज चढवते. उंडा तळहातावर धरून मधोमध चिरायचा नाही! विळीचं पातं जागचं हलत नाही, हात हलतो. इथे उलट आहे. कवच संपलं की सुरी मऊ भागातून सर्रकन खाली येते आणि खाली आपलाच तळवा असतो. दात्यांची जखम वेडीवाकडी होते. उंडा पाटावर आडवा ठेवा, वरून तळवा सपाट टेकवा, बोटं वर उचललेली ठेवा आणि मग आडवी सुरी चालवा.

महागडा संच घेऊ नका, एक साधी सुरी पुष्कळ झाली. ती सहाणेवर सपाट घासू नका, दाते झिजतात. पिकलेल्या टोमॅटोवर चालवून बघा, तिथेही साल चिवट आणि आत मऊ. अननसालाही चालते. कोथिंबिरीला मात्र नको, पानं फाटून काळी पडतात.