मोजावे, पण दुखवू नये

वेलीवरील कोवळ्या भोपळ्याकडे बोट दाखवू नये, दाखविल्यास तो कुजतो, अशी ताकीद आपल्यापैकी अनेकांनी बालपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. वास्तविक, परागीभवन न झालेले फळ आपोआपच पिवळे पडून गळते आणि दोष बिचाऱ्या बोटाच्या माथी येतो. तथापि वाढत्या फळाशी उगाच चाळा करू नये, एवढे शहाणपण त्या ताकिदीत निश्चितच आहे.

हेच शहाणपण अमेरिकेतील महाकाय भोपळ्यांचे बागाईतदार वेगळ्या रीतीने पाळताना दिसतात. कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे 2023 साली एका भोपळ्याचे वजन तब्बल 1247 किलो भरले. असे फळ ऐन भरात दिवसाकाठी 15-20 किलोंनी वाढते. परंतु ते रोज तराजूवर चढविणार कोण? उचलू जावे तर देठ तुटायचा, वेल फाटायची. देठ तुटला की वाढ थांबली आणि सारा हंगाम मातीमोल झाला!

यावर त्यांनी साधी मोजपट्टी योजिली. एक माप फळाच्या घेराचे. दुसरे देठाकडील जमिनीपासून माथ्यावरून पलीकडच्या टोकाला जमिनीपर्यंत. तिसरे तसेच आडवे, एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे. फळाखाली हात घालावाच लागत नाही. तिन्ही मापांची बेरीज करावयाची आणि पूर्वी वजन केलेल्या फळांवरून सिद्ध केलेल्या कोष्टकात अंदाज पाहावयाचा. गराची जाडी कमीअधिक असल्यास हा अंदाज चुकतोही. अखेरचा निवाडा तराजूच देतो. पण तो फळ पूर्ण वाढल्यावर, वेलीपासून सुटल्यावर!

ही मर्यादा ओळखणे हीच खरी शास्त्रीय वृत्ती, असे आम्हांस वाटते. आमच्या शाळांतून मात्र नेमके उलटे चालते. कोवळ्या मुलांना महिन्या-दोन महिन्यांनी परीक्षेच्या तराजूत घालावयाचे, गुणांचा आकडा चारचौघांत मिरवावयाचा आणि वाढ का खुंटली म्हणून पुन्हा त्यांनाच दटावावयाचे, हा कुठला न्याय? मूल किती वाढले हे शिक्षकाने अवश्य पाहावे. पण रोजच्या सहवासात, हलक्या हाताने, आणि आपला अंदाज चुकू शकतो हे ध्यानी ठेवून.

प्रत्येक शाळेच्या परसात भोपळ्याची एक वेल लावावी, मुलांच्या हाती मोजपट्टी व वही द्यावी, अशी आमची सूचना आहे. मुले त्यातून मापन शिकतील. गुरुजनांनी संयम शिकावा.