चलच्चित्र-जुळणीचा पुन्हा ओनामा

येत्या आषाढात आमच्या आत्याबाईंचे वर्षश्राद्ध. त्या निमित्ताने घरची सारी मंडळी सेवाग्रामास जमणार; तेव्हा आत्याबाईंचे चलच्चित्र सर्वांस दाखवावे असे घरात ठरले, आणि ते काम ओघानेच आमच्याकडे आले. सन २०१० मध्ये त्यांचे बोलणे आम्हीच कॅमेऱ्यात उतरवून घेतले होते. आत्याबाई येथील नई तालीमच्या शाळेत शिकलेल्या. हाती टकळी धरून सायंप्रार्थनेविषयी, बापूंनी १९३६ साली लाविलेल्या पिंपळाविषयी त्या दोन तास बोलल्या. विंडोज मूव्ही मेकर या प्रणालीत कापून-जोडून आम्ही त्याचे पाऊण तासाचे चित्र सिद्ध केले होते. निदान आमचा समज तरी तसा होता.

प्रत्यक्षात कपाटातून निघाली ती केवळ ‘प्रकल्पाची’ फाईल. अशी फाईल म्हणजे चित्र नव्हे. कोणता तुकडा कोठून घ्यावा, कोठे तोडावा, याची ती यादी असते. पूर्ण झालेले चित्र निराळे उतरवून घ्यावे लागते, आणि ते आम्ही आळसाने ‘उद्या’वर टाकिले होते. मूव्ही मेकर जानेवारी २०१७ मध्येच बंद झाली. मूळ चित्रण तेवढे शाबूत राहिले. ग्रंथ होता, परंतु त्याचे संपादन पुसले गेले. आणि चौदा-पंधरा वर्षांत आमचा हातही पार मोडला होता.

धाकटी सून म्हणाली, “मामंजी, कोणाकडून तरी पैसे देऊन करून घेऊ.” आम्ही नकार दिला. आत्याबाईंचे कोणते वाक्य ठेवावे नि कोणते गाळावे, हे परक्याने कसे ठरवावे?

पुण्याच्या पुतण्याने दाविंची रिझॉल्व्ह सुचविली. ती फुकट मिळते, सिनेमाच्या धंद्यातही चालते. परंतु आमच्या आठ जीबी स्मृतीच्या जुन्या संगणकाच्या दारी हा हत्ती बांधणे शहाणपणाचे नव्हते. उरल्या दोन, केडेनलाइव्ह आणि शॉटकट. दोन्ही मुक्त, दोन्हींच्या पोटात एमएलटी हे एकच यंत्र. कार्यक्षमतेत केडेनलाइव्ह काकणभर सरस असेल. आम्ही मात्र शॉटकट घेतली, कारण तिचा पसारा थोडा. शिवाय तिची प्रकल्प-फाईल साध्या अक्षरांत लिहिलेली असते व कोणत्याही लेखनप्रणालीत उघडून वाचता येते. एकदा पोळलेल्या माणसास ही गोष्ट लहान वाटत नाही.

मग ओनामा सुरू झाला. खरी पंचाईत नवे शिकण्याची नव्हती, जुने विसरण्याची होती. पूर्वी ‘एम’ ही कळ दाबली की तुकडा पडे. शॉटकटमध्ये तिने नुसती खूण उमटते, तोडण्यास ‘एस’ लागते. पहिल्या दिवशी आत्याबाईंच्या चित्रणावर आम्ही पन्नासएक निरर्थक खुणा उमटविल्या असतील. नातवाने मोबाइलवर टिपलेला पिंपळ जोडावयास घेतला, तर प्रणालीनेच हटकले. जुने चित्रण सेकंदास ठरलेल्या २५ चित्रांचे. मोबाइलची गती कमीजास्त होते, आणि ती तशीच ठेविली तर ध्वनी व ओठ यांची फारकत होते. म्हणून ते आधी रूपांतरित करून घ्यावे लागते. संहितेचा पदपाठ करणे एक वेळ सोपे, पण फुटलेली पदे पुन्हा संधीने जोडताना कान जागा ठेवावा लागतो, हे आम्ही मुलांस जन्मभर शिकविले. आता ते आमच्यावर उलटले.

या खटपटीत वारंवार आठवण झाली ती १९३२ सालच्या येरवड्याची. कारागृहात गांधीजींच्या डाव्या कोपराचे दुखणे बळावले, तेव्हा त्यांनी पायाने चालविण्याचा मगन चरखा शिकावयास घेतला. वय बासष्ट. वर्षानुवर्षे सूत काढणारा हात, आणि तोच पुन्हा नवशिक्याचा झाला; धागा तुटावयाचा, वेळ जावयाचा. तो चरखा मगनलाल गांधींच्या नावाचा, आणि त्यांच्याच नावाचे संग्रहालय १९३८ पासून वर्ध्यास आहे. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे कितीदा तरी गेलो. पण वाकबगार माणसास पुन्हा अनाडी होण्यात किती संकोच वाटत असेल, याचा विचार त्या वेळी मनात आला नव्हता.

आठ दिवसांनी बोटे वळली, आणि मग एक गोष्ट ध्यानी आली. बोलता बोलता आत्याबाईंचा धागा तुटतो. त्या गप्प होतात, चष्मा सारखा करितात, तुटले टोक पेळूस लावून टकळीला फिरकी देतात, आणि मगच पुढचे वाक्य येते. २०१० मध्ये असे सगळे थांबे आम्ही निर्दयपणे छाटिले होते, कारण पाहणाऱ्यास कंटाळा येईल अशी धास्ती होती. आता तेच हात डोळे भरून पाहावेसे वाटतात. पहिले संपादन हरवले याचे दुःख तेथे बरेचसे ओसरले.

या वेळी सगळे थांबे ठेविले आहेत. चित्र पाऊण तासाचे सव्वा तासावर गेले. सून म्हणते, मुले कंटाळतील. मुलांसाठी मध्ये चहा ठेवू, असे आम्ही सुचविले आहे. तयार चित्र तीन ठिकाणी उतरवून ठेविले. आता नावांची पाटी तेवढी उरली आहे, आणि तीत आत्याबाईंचे माहेरचे नाव घालावे की सासरचे, यावर घरात अद्याप एकमत नाही.