बेरीज आहे, नोंदी कोठें?

पृथ्वीच्या वयाचा विषय निघाला कीं आमच्या कांहीं विद्वानांस मोठें स्फुरण चढतें. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. शास्त्रज्ञ पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें ठरवितात. मग पाश्चात्त्यांनीं नवें तें काय सांगितलें, असा त्यांचा सवाल असतो. सतराव्या शतकांत आर्चबिशप अशर सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्वीं ४००४ या वर्षीं झाला असें सांगत होता. त्यापुढें आमच्या पूर्वजांची कल्पनाशक्ति खचित विशाल, आणि तिचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु ज्या कालगणनेंतील वैवस्वत मन्वंतराचा उच्चार आपण पूजेच्या संकल्पांत करतों, तिच्याच हिशेबानें चालू कल्पाचीं सुमारें १९७ कोटीच वर्षें लोटलीं आहेत! शिवाय, आंकडे जुळले तरी तो पुरावा नव्हे. नोंद एकही नाहीं आणि शेवटीं बेरीज मात्र मांडलेली, अशी वही घेऊन कोर्टांत उभ्या राहिलेल्या सावकाराची काय गत होते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

भूगर्भशास्त्राच्या वहींत नोंदी आहेत. खालचा थर आधींचा, वरचा मागाहूनचा, हा तिचा पहिला नियम. थराथरांतील अश्मीभूत प्राणी ओळखून विल्यम स्मिथ या मोजणीदारानें इ. स. १८१५ मध्यें इंग्लंडचा भूस्तर-नकाशा छापला. वर्षांचा हिशेब विसाव्या शतकांत लागला. खडकांतील युरेनियमचें शिसें होतें, आणि निम्में युरेनियम पालटावयास सुमारें ४४७ कोटी वर्षें लागतात, हें मोजून ठरलें आहे. या मापानें सूक्ष्म जीवांच्या खुणा सुमारें ३५० कोटी वर्षांपूर्वींच्या ठरतात. नानाविध प्राण्यांचे अवशेष सुमारें ५४ कोटी वर्षांपूर्वींपासून विपुल दिसूं लागतात. आणि आपली मनुष्यजाति अवघ्या तीन लाख वर्षांची!

यांतील कित्येक नोंदी आमच्याच भूमींत आहेत. चांद्याचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांचा. त्या काळच्या एकाच जातीच्या पानांचे ठसे हिंदुस्थान, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथें सांपडतात; हे प्रदेश ज्या एका महाखंडाचे भाग होते त्यास गोंडवन हें आमच्या गोंडांच्या प्रदेशाचेंच नांव जगानें दिलें. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा. डायनोसॉरांचा अंत झाला तो हाच सुमार. स्वदेशाचा अभिमान धरावयाचा तर तो या साक्षीचा धरावा.

आणि नेमकें हेंच पान आम्ही फाडीत आहों! राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या इ. स. २०२३ च्या दहावीच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. मुलांवरील ओझें कमी करणें, हें कारण; अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनीं व शिक्षकांनीं सह्या करून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रांत हा विषय आहे खरा. पण दहावीनंतर शास्त्र सोडणाऱ्या मुलास त्याचा काय उपयोग? ज्याला पुरावा पारखावयास शिकविलें नाहीं, तो उद्यां कोणाच्याही कोऱ्या वहीवर सही करील. तेव्हां तो भाग दहावीस परत आला पाहिजे. आणि तो येईपर्यंत पालकांनीं आपल्या मुलास गांवाबाहेरच्या खाणीवर न्यावें व तेथील थर दाखवावे, अशी आमची सूचना आहे.